ब्लूस्काय: शिकवणाऱ्यांच्या आणि संशोधन करणाऱ्यांच्या किती कामाचं?

ब्लूस्काय म्हणजे छोट्या पोस्ट लिहायचं, ट्विटरसारखं समाजमाध्यम. निकाल आधीच सांगायचा तर असा: आपल्या विषयातली माणसं शोधायला आणि नव्या शोधनिबंधाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचवायला ब्लूस्काय सध्या सगळ्यांत सोयीचं आहे. वर्ग चालवायला ते निरुपयोगी आहे आणि काम साठवून ठेवायला धोक्याचं. पाचपैकी साडेतीन गुण. उरलेला दीड कुठे कापला गेला ते ओघात येईलच.

खातं उघडून आठवड्याभरात "इथे काहीच घडत नाही" म्हणत बाहेर पडणारे प्राध्यापक पुष्कळ भेटतात. त्यांची खाती पाहिली की कारण बहुधा तेच निघतं. नाव अर्धवट, परिचयाची जागा कोरी, फॉलो केलेल्यांत चार वर्तमानपत्रं आणि दोन नट, आणि पहिलीच पोस्ट "नमस्कार, मी इथे नवीन". या सेवेत पहिल्या तासाची मांडणी फार महत्त्वाची आहे, कारण इथे तुम्हाला काय दिसावं हे मुख्यतः तुम्हीच ठरवायचं असतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. २०१९ साली ट्विटरच्याच (आताचं एक्स) पोटात एक प्रकल्प म्हणून ब्लूस्कायचा जन्म झाला. निमंत्रणाशिवाय खातं उघडता येऊ लागलं ते ६ फेब्रुवारी २०२४ पासून. त्याच वर्षी सप्टेंबरात एक कोटी आणि नोव्हेंबरात दोन कोटी खात्यांचा आकडा ओलांडला गेला. त्या लोंढ्यात अभ्यासक बरेच होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली. पुढच्याच वर्षी तिथला डेटा संशोधकांना फुकट मिळणं बंद झालं, त्याआधी शैक्षणिक संशोधनासाठी महिन्याला एक कोटी ट्वीटपर्यंत डेटा उतरवून घेता येत असे. समाजमाध्यमांवरच संशोधन करणाऱ्यांचा कच्चा मालच तुटला. बाकीच्यांनी मुक्काम हलवला तो ओळखीचे लोक हलले म्हणून.

हँडल: इथे घाई करू नका

सुरुवातीला तुम्हाला शेवटी "बीस्काय डॉट सोशल" असलेलं हँडल, म्हणजे खात्याचं नाव, मिळतं. ते कामचलाऊ समजा. स्वतःचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, असेल तर तेच हँडल म्हणून लावता येतं, आणि अभ्यासकांसाठी ही या सेवेतली सर्वांत मोलाची सोय आहे. संशोधकांच्या नावानं बनावट खाती निघतात. डोमेनचं हँडल असलं की हे खातं त्या संकेतस्थळाच्या मालकाचंच आहे, याची खात्री कुणालाही करून घेता येते. एप्रिल २०२५ पासून खातं खरं असल्याची निळी खूणही आली, पण ती कंपनीनं किंवा कंपनीनं मान्य केलेल्या संस्थांनी द्यावी लागते. डोमेन मात्र आपल्या हातात असतं.

कृती अशी. सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात हँडल, तिथे "माझं स्वतःचं डोमेन आहे" हा पर्याय. पडद्यावर दोन गोष्टी दिसतात: "अंडरस्कोर एटीप्रोटो" हे होस्टचं नाव आणि "डीआयडी" असं सुरू होणारी लांबलचक ओळ. डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएसच्या (डोमेनच्या तांत्रिक नोंदींच्या) पानावर टीएक्सटी प्रकारची नवी नोंद करून या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा टाकायच्या, आणि परत येऊन पडताळणीचं बटण दाबायचं.

गडबड होते ती दोन-तीन ठरलेल्या जागी. डोमेन विकणाऱ्या अनेक सेवा होस्टच्या रकान्यात मुख्य डोमेन आपणहून जोडतात. तुम्हीही ते पूर्ण टाकलंत तर ते दोनदा लागतं आणि पडताळणी फसते. काही जण मूल्याच्या (व्हॅल्यू) रकान्यात जास्तीची अवतरणचिन्हं ठेवून देतात. आणि काही वेळा सगळं बरोबर असूनही नोंद पसरायला वेळ लागतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा नोंद बदलत बसू नये, तासाभरानं बघावं. डीएनएसला हात लावता येत नसेल तर संकेतस्थळावर "वेल-नोन" या फोल्डरात, ज्याच्या नावाआधी टिंब असतं, साधी मजकूर-फाइल ठेवूनही काम होतं. पण तयार साचे देणाऱ्या बऱ्याच संकेतस्थळ-सेवा टिंबानं सुरू होणारं फोल्डर बनवूच देत नाहीत.

विद्यापीठाचं डोमेन लावावं का? तंत्रविभागाला सांगून उपडोमेन घेता येतं, दिसायलाही भारदस्त. आमचा सल्ला मात्र नको असा. नोकरी बदलली, करार संपला, की ती डीएनएस-नोंद कुणीतरी पुसतं आणि तुमच्या नावाखाली "अवैध हँडल" असं झळकू लागतं. खातं आणि फॉलोअर शाबूत राहतात, कारण आतली खरी ओळख त्या डीआयडीची असते, हँडलची नव्हे. पण पाहणाऱ्याला हे कोण सांगणार? संस्थेचं डोमेन विभागाच्या किंवा प्रयोगशाळेच्या खात्याला शोभतं. माणसानं आपलं वेगळं ठेवावं. आणि हँडल बदलायचं ते परिषदेच्या स्लाइड आणि भित्तिपत्रकं तयार होण्याआधी. जुन्या पोस्टमधले तुमचे उल्लेख बदलानंतरही चालू राहतात, छापलेला पत्ता मात्र चुकतो.

परिचयात तीन गोष्टी पुरेत: विषय (नुसतं "समाजशास्त्र" नको, "स्थलांतर आणि कामगार" असं), तुम्ही शिकवता की शिकता, आणि ऑर्किड क्रमांकाची (संशोधकाची कायमची ओळख) किंवा स्वतःच्या पानाची लिंक. "मतं वैयक्तिक" हे वाक्य सगळेच लिहितात. त्यानं नियम बदलत नाहीत. संस्थेचं समाजमाध्यम-धोरण असेल तर ते लागू होतंच, म्हणून ते एकदा वाचून घ्यावं.

कुणाला फॉलो करावं

स्टार्टर पॅक ही ब्लूस्कायची गाजलेली सोय. कुणीतरी आपल्या विषयातल्या जास्तीत जास्त १५० खात्यांची यादी करतो आणि दुसरा एका बटणानं सगळ्यांना फॉलो करतो. सोय खरी, पण ते बटण दाबू नये. यादी कुणाच्या तरी ओळखीपाळखीवर बनलेली असते. त्यात वर्षभर गप्प असलेली खाती असतात, आणि विषय सोडून दिवसभर राजकारणावर बोलणारीही असतात. अशा पाच याद्यांवरून एका झटक्यात सातशे जणांना फॉलो केलंत तर तुमच्या उपविषयातले वीस जण त्या पुरात वाहून जातात. यादी उघडा, नावं वाचा, शेवटच्या चार पोस्ट बघा आणि एकेक उचला. सुरुवातीला ऐंशी ते शंभर पुरे. आणखी एक खटकणारी गोष्ट: कुणाच्या यादीत तुम्हाला घालताना तुमची परवानगी विचारली जात नाही.

यादीपेक्षा चांगला रस्ता म्हणजे ज्यांचे निबंध तुम्ही या वर्षी उद्धृत केलेत त्यांची नावं शोधणं. ते भेटले की ते कुणाला उत्तरं देतात ते पाहायचं. दोन बैठकांत शेजार तयार होतो.

फीडचं, म्हणजे पोस्टच्या वाहत्या यादीचं, प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. "फॉलोइंग" म्हणजे तुम्ही निवडलेल्यांच्या पोस्ट, वेळेच्या क्रमानं. "डिस्कव्हर" म्हणजे कंपनीच्या अल्गोरिदमनं वाढलेलं ताट. ते घरी आलेल्या पाहुण्यासारखं अधूनमधून बरं. खरी गंमत तिसऱ्या प्रकारात आहे: कुणीही बनवलेले फीड. विज्ञानाचा एक फीड असा आहे की त्यात फक्त तपासून घेतलेल्या खात्यांच्या पोस्ट येतात, आणि त्याही परीक्षानळीची इमोजी घातलेल्याच. "पेपर स्कायजेस्ट" नावाचा फीड तुम्ही फॉलो करत असलेल्यांच्या पोस्टमधून शोधनिबंधांबद्दलच्या तेवढ्या वेचून दाखवतो. सकाळी दहा मिनिटांत काय नवं आलं हे कळायला तो एकटा पुरतो. स्कायफीड किंवा ग्रेझ ही फीड बनवायची साधनं वापरून परिषदेच्या हॅशटॅगचा स्वतःचा फीड करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. तो करताना हॅशटॅगची दोन्ही रूपं, वर्षासह आणि वर्षाशिवाय, आत घाला. निम्मी मंडळी वर्ष विसरतात.

निबंधाची बातमी कशी द्यावी

एका पोस्टला मर्यादा ३०० अक्षरांची. मराठीत लिहिणाऱ्यांना इथे एक फायदा आहे. ब्लूस्काय डोळ्यांना दिसणारं अक्षर मोजतं, म्हणजे "की" हे एक. एक्सवर "क" आणि वेलांटी वेगळी धरली जाते, त्यामुळे तिथले २८० देवनागरीत फार लवकर संपतात. लिंक लांब असली तरी ती आखूड करून दाखवली जाते, आणि तिचं कार्ड तयार झालं की मजकुरातली लिंक काढून टाकली तरी कार्ड राहतं.

चार ते सहा पोस्टचा थ्रेड, म्हणजे एकाखाली एक जोडलेली मालिका, हे चांगलं माप. पहिल्या पोस्टमध्ये प्रश्न आणि उत्तर दोन्ही हवीत. "आमचा नवा निबंध प्रकाशित झाला, आनंद होतोय" हे वाक्य तुमच्या आईसाठी आणि विभागप्रमुखांसाठी असतं. बाकीचे पुढे सरकतात. काय शोधत होतात आणि काय सापडलं हे दोन वाक्यांत लिहा, खाली डीओआयची (निबंधाच्या कायमच्या ओळख-क्रमांकाची) लिंक. लिंक पहिल्याच पोस्टमध्ये हवी, कारण पुढे पाठवली जाते ती बहुतेकदा तीच. दुसरीत पद्धत: नमुना किती, कुठला, किती काळ. तिसरीत एकच आकृती. चौथीत मर्यादा, म्हणजे या निष्कर्षातून काय म्हणता येत नाही. हीच पोस्ट लोक गाळतात आणि मग उत्तरांमध्ये तेच सांगत बसतात. शेवटच्या पोस्टमध्ये सहलेखक, डेटा आणि फुकट वाचता येणाऱ्या प्रतीचा पत्ता.

लिंकबाबत आग्रह धरायचं कारण आहे. गोषवाऱ्याचा नुसता स्क्रीनशॉट टाकला तर माणसाला वाचता येईल, पण आल्टमेट्रिकसारख्या चर्चेची नोंद ठेवणाऱ्या सेवा निबंध ओळखतात तो लिंकवरून. चित्रातलं शीर्षक त्यांच्या हिशेबी नाही. (त्या आकड्यावरून निबंधाची प्रत ठरवू नये. किती बोललं गेलं एवढंच त्यातून कळतं, आणि चुकीच्या निबंधांवर लोक जास्त बोलतात.)

आकृती निबंधातून उचलून तशीच टाकू नका. सहा भागांची आकृती फोनवर टपाल तिकिटाएवढी दिसते, आणि चढवताना चित्र दाबून लहान केलं जात असल्यानं बारीक रेषा पुसट होतात. एक भाग कापून घ्या, अक्षांवरची अक्षरं दुप्पट करा, पांढरी पार्श्वभूमी ठेवा. गणिती सूत्रं इथे लिहिता येत नाहीत, चित्रच लावावं लागतं. गणितवाल्यांसाठी हा अर्धा गुण गेला. त्यांना मॅस्टोडॉन या वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालणाऱ्या समाजमाध्यमावरचं "मॅथस्टोडॉन" अधिक मानवेल, तिथे लाटेक या गणिती मांडणीच्या पद्धतीतली सूत्रं नीट उमटतात.

प्रत्येक चित्राला वर्णन जोडा. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत "वर्णनाशिवाय पोस्ट करू देऊ नये" असा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा. म्हणजे विसर पडणार नाही. "आलेख" एवढंच लिहिणं म्हणजे वर्णन नव्हे. कुठल्या अक्षावर काय आहे आणि रेघ कुठे वळते, हे न पाहणाऱ्याला कळलं पाहिजे.

भाषेचा शिक्काही तपासा. लिहायच्या चौकटीखाली पोस्टची भाषा दिसते. मराठीत लिहून शिक्का इंग्रजीचा राहिला तर मराठी पोस्ट गाळून घेणाऱ्या फीडमध्ये तुम्ही सापडणारच नाही. दोन भाषांत लिहिणाऱ्यांकडून ही चूक वारंवार होते.

पाठवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा, कारण पोस्ट दुरुस्त करायची सोय नाही. एक शून्य चुकलं तर पोस्ट पुसून नवी टाकायची किंवा खाली दुरुस्ती जोडायची, एवढेच मार्ग. पुसली तर तोवर आलेली उत्तरं पोरकी होतात. थोडी चूक असेल तर खाली दुरुस्ती, निष्कर्षच उलटत असेल तर पुसून कारण देऊन नवी. इतक्या वर्षांनंतरही संपादनाचं बटण नसणं हा आमच्या लेखी या सेवेतला सर्वांत मोठा दोष आहे, आणि आकडे मांडणाऱ्या लोकांना तो इतरांपेक्षा जास्त बोचतो.

समीक्षेत असलेल्या निबंधाबद्दल वेगळी काळजी. लेखकाचं नाव झाकून समीक्षा करणाऱ्या नियतकालिकांचे प्रसिद्धीबाबतचे नियम एकसारखे नसतात. कुठे पूर्वप्रत (समीक्षेआधीच उघड ठेवलेला मसुदा) चालते पण तिचा गाजावाजा चालत नाही. निबंध पाठवताना तो नियम पाहून ठेवा. बातमीवर बंदीची वेळ ठरलेली असेल तर ती कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे तेही बघा.

अंगावर येणारी गर्दी

वादग्रस्त विषयावर लिहिणाऱ्यांना इथे हत्यारं बरी मिळतात. कुणी उत्तर द्यावं हे पोस्ट टाकतानाच ठरवता येतं: सगळे, फॉलो केलेले, उल्लेख केलेले किंवा कुणीच नाही. कुणी तुमची पोस्ट उद्धृत करून टवाळी चालवली तर त्या उद्धृतातून आपली पोस्ट सोडवून घेता येते. ब्लॉक कडक आहे, दोघांनाही एकमेकांचं काही दिसत नाही आणि मधला संवादही तुटतो. एक्सवर २०२४ च्या अखेरीपासून ब्लॉक केलेल्यालाही सार्वजनिक पोस्ट वाचता येतात, त्या मानानं हे बरंच.

पण ब्लूस्कायवरचे ब्लॉक सार्वजनिक असतात. कुणी कुणाला ब्लॉक केलं हे शोधून दाखवणारी बाहेरची संकेतस्थळं आहेत. विभागातल्या सहकाऱ्याला किंवा प्रबंधाच्या परीक्षकाला गप्प करायचं असेल तर म्यूट वापरा. ते त्याला कळत नाही.

वर्गासाठी नको

कुलूपबंद खातं हा प्रकारच इथे नाही. जे लिहिलं ते सगळ्या जगासाठी. "लॉगिन न केलेल्यांना माझं खातं दाखवू नका" असा पर्याय आहे, पण ती इतर अ‍ॅपना केलेली विनंती आहे, अडसर नव्हे. खासगी संदेशांना टोकापासून टोकापर्यंत कूटबद्धता नाही. त्यामुळे गुण, हजेरी, विद्यार्थ्याची अडचण यांतलं काहीही इथल्या संदेशात जाऊ नये.

गुणांसाठी पोस्ट लिहायला लावणं तर सरळ चूक. विद्यार्थ्याचं अठराव्या वर्षीचं कच्चं मत त्याच्या नावासकट कायमचं उघड्यावर राहतं, आणि नकार द्यायची त्याची खरी मोकळीक नसते, कारण गुण तुमच्या हातात. विषयच समाजमाध्यमांचा असेल तर खातं न उघडता वाचता येणाऱ्या सार्वजनिक पोस्ट अभ्यासाला द्या, आणि लिखाण संस्थेच्या बंद व्यवस्थेत करून घ्या. विद्यार्थ्यांना आपण होऊन फॉलो करू नये, त्यांनी केलं तर करू द्यावं.

डेटा घेणाऱ्यांसाठी

इथे ब्लूस्कायला पैकीच्या पैकी गुण द्यावेसे वाटतात आणि लगेच हात आखडतो. सार्वजनिक पोस्ट वाचायला लॉगिनही लागत नाही, आणि सगळ्या पोस्टचा वाहता प्रवाह, ज्याला फायरहोज म्हणतात, फुकट उघडा आहे. पूर्ण फायरहोज हाताळणं जड वाटलं तर जेटस्ट्रीम ही त्याची हलकी आवृत्ती घ्या. तो जेसन या वाचायला सोप्या डेटा-स्वरूपात येतो आणि फक्त पोस्ट किंवा फक्त लाइक असं गाळून घेता येतं.

मात्र तांत्रिकदृष्ट्या मिळतं म्हणजे नैतिकदृष्ट्या चालतं असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा लाख पोस्टचा एक संच हगिंग फेस या एआयसाठीचे डेटा-संच ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवला गेला आणि वापरकर्त्यांच्या संतापानंतर काढावा लागला. प्रवाहात पोस्ट पुसल्याची सूचनाही येते. तिच्यानुसार आपल्या संचातली नोंदही पुसणारा भाग संगणक-आज्ञावलीत पहिल्या दिवसापासून हवा, मागाहून जोडणं किचकट होतं. आणि भाषेनुसार गाळताना वरची गोष्ट आठवा: भाषेचा शिक्का लिहिणाऱ्याच्या अ‍ॅपनं मारलेला असतो. फक्त मराठीचा शिक्का असलेल्या पोस्ट घेतल्या तर इंग्रजीचा शिक्का बसलेल्या मराठी पोस्ट सुटतात. लिपीवरून आणखी एक चाळणी लावा, मग हिंदी वेगळी काढा.

बाकीच्यांच्या तुलनेत

मॅस्टोडॉनवर ५०० अक्षरं, पोस्ट दुरुस्त करायची सोय आणि शांतता आहे. पण कुठल्या सर्व्हरवर खातं काढायचं या पहिल्याच प्रश्नावर लोक अडतात, आणि सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात. लिंक्डइन विद्यापीठाबाहेरच्या नोकऱ्यांसाठी. रिसर्चगेट ही निबंधांची कोठी आहे, गप्पांची जागा नव्हे. तिथेही प्रकाशकाच्या मांडणीतली पीडीएफ चढवण्याआधी करार वाचावा. एल्सव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटीनं याच कारणावरून २०१७ साली तिला न्यायालयात खेचलं होतं आणि तडजोड व्हायला २०२३ उजाडलं. बहुधा लेखकाची स्वीकृत हस्तलिखित प्रत चालते, आणि तीसुद्धा आधी संस्थेच्या भांडारात ठेवावी.

ब्लूस्कायवर पीडीएफ जोडताच येत नाही, तेव्हा तो मोह आपोआप टळतो. आपला डेटा उतरवून घ्यायची सोय मात्र आहे: सेटिंग्ज, अकाउंट, एक्स्पोर्ट. दर सहामाहीला एकदा करावं. मिळते ती सीएआर प्रकारची फाइल. साध्या दोन टिचक्यांनी ती उघडत नाही, तिच्यासाठी वेगळं साधन लागतं. तिच्यात पोस्ट, लाइक, फॉलो सगळं येतं, चित्रं येत नाहीत. आकृत्यांच्या मूळ फाइली आणि त्यांची वर्णनं निबंधाच्याच फोल्डरात, पोस्टच्या तारखेसह ठेवा.